दोन्हीकडून चालू

मी पाटी बोलतेय. दुकानाच्या दाराला, काचेच्या आतल्या बाजूनं, एका सुतळीवर लटकलेली. माझ्या अंगावर एकच शब्द आहे: चालू. हसू नका. कपाळावर असला शब्द घेऊन भर रस्त्यावर उभं राहायचं आणि तरी अब्रू सांभाळायची, हे येरागबाळ्याचं काम नाही. मी सांभाळली. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कुणी वावगा शब्द काढलेला नाही.

माझ्या जन्माची हकिगत मी प्रत्येकाला वेगळी सांगत आलेय. दाराच्या कुलपाला सांगितलं की मी बुडालेल्या जहाजाच्या कप्तानाच्या टेबलाची फळी आहे. समोरच्या न्हाव्याच्या आरशाला सांगितलं की राजवाड्याच्या खिडकीची. दोघांनाही पटलं. कुलपाला विचार करायची सवय नाही, आणि आरसा काय, समोर येईल त्याची री ओढतो. तुम्हाला म्हणून खरं सांगते. मी सफरचंदांच्या खोक्याचं झाकण आहे. हवा दमट झाली की अजून अंगाला बारीक गोड वास येतो. मुंग्यांना कप्तानाची गोष्ट कधीच पटली नाही.

दुकान मिस्त्रींचं. पंखे, इस्त्र्या, मिक्सर, रेडिओ, जे घरात बिघडतं ते सगळं इथं यायचं. मला आणलं ते त्यांच्या बायकोनं. अख्खी गल्ली त्यांना वहिनी म्हणते, म्हणून मीही म्हणते. दुकान मांडताना दोघांचे खिसे झटकून झाले होते, आणि नेमकं तेव्हाच वहिनींनी रंगाऱ्याला दारात उभं केलं.

"अक्षराला कसे?"

"अक्षरावर आहे, वहिनी. काना, उकार वेगळा."

"वेगळा? मग 'दुकान' नको आणि 'आहे' पण नको. नुसतं 'चालू' लिहा. मागं 'बंद'."

"बंदवर अनुस्वार आहे."

"अहो, टिंब ते! टिंबाचे पैसे घेता? ब्रश झटकलात तरी पडेल."

आतून मिस्त्री ओरडले, "पाटीवर खर्च कशाला गं? दार उघडं दिसलं की कळतं लोकांना."

"उघडं दार म्हणजे घर," वहिनी म्हणाल्या. "पाटी लागली की दुकान."

रंगाऱ्यानं टिंब फुकट दिलं, पण सूड उगवल्यासारखं टपोरं दिलं. लांबून बघणाऱ्याला आधी टिंब दिसायचं, मग बंद. अशी मी दोन बाजूंची झाले. सकाळी आल्यावर मिस्त्री एका बोटानं मला उलटवायचे आणि मी रस्त्याला चालू म्हणायचे. संध्याकाळी पुन्हा एक बोट, आणि बंद.

माणसांची एक गंमत मी तेव्हापासून बघतेय. ती मला वाचतात आणि माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत. चालू वाचून आत येतात आणि विचारतात, "चालू आहे का?" एकाला मिस्त्री म्हणाले, "दुकान चालू आहे, मी साधा माणूस आहे." बंद वाचलं की दार ढकलून बघतात, मग दोन्ही हात डोळ्यांशी धरून काचेला नाक लावतात. त्या काचेवर उमटलेली नाकं मी जपून ठेवली असती, तर आज गावातल्या निम्म्या माणसांची नाकं माझ्या ताब्यात असती.

एकदा तर असं वादळ आलं की दार सताड उघडलं आणि मी सुतळीवर भोवऱ्यासारखी फिरले. चालू, बंद, चालू, बंद! समोरचा न्हावी इतका गोंधळला की त्यानं अर्धी दाढी करून दुकान आवरलं आणि गिऱ्हाईक तसंच, एका गालानं, स्वतःच्या लग्नाला गेलं. कुलूप म्हणतं, असं काही झालंच नाही. जे जन्मात जागचं हललं नाही, त्याला वादळातलं काय कळणार?

बरं, पुढचं मात्र मी रचून सांगत नाही.

काचकारखाना बंद पडला. अर्धी गल्ली तिथं कामाला होती. फाटकाला मोठी पाटी लागली. माझीच जात, पण तिला एकच बाजू होती. सकाळचा भोंगा थांबला, तरी त्याच वेळेला माणसं उठायची, तोंड धुवायची आणि आपापल्या दारात येऊन उभी राहायची. जायचं कुठं, हे मात्र कुणी सांगत नव्हतं.

सुरुवातीला आमच्याकडे उलट गर्दी झाली. नवं घ्यायची सोय राहिली नाही की माणसाला जुनं आठवतं. माळ्यावरचे पंखे खाली आले, गंजलेल्या इस्त्र्या आल्या. मिस्त्रींना मान वर करायला फुरसत नव्हती. पण वस्तू दुरुस्तीला टाकायला पैसे लागत नाहीत, परत न्यायला लागतात. दुरुस्त झालेल्या वस्तू फळीवर बसून राहिल्या. कारखान्यात काच फुंकणाऱ्याचा मिक्सर, भाजीवालीचा पंखा, शिंप्याची इस्त्री. सगळं ठणठणीत, आणि न्यायला कुणी येईना. ज्यांच्या वस्तू, ते समोरच्या बाजूनं जाऊ लागले. मिस्त्री दिसले की त्यांच्या माना खाली. आणि त्यांना अवघडायला नको म्हणून मिस्त्रींचीही खाली. मग नवं काम यायचंही थांबलं, कारण आधीचं नेल्याशिवाय दुसरं कसं आणायचं?

दाराची एक काच तडकली होती, तिला मिस्त्रींनी चिकटपट्टी लावली. रोज सकाळी मला उलटवायचं आणि खुर्चीत बसायचं. हत्यारं पुसायची, पुसलेली पुन्हा पुसायची.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, ती कुणाच्या लक्षात येत नाही. मी रस्त्याला चालू म्हणते, तेव्हा माझी पाठ दुकानाकडे असते. पाठीवर तेव्हा काय लिहिलं होतं? बंद. पूर्वी मिस्त्री कामावर वाकलेले असायचे, त्यांनी कधी वर पाहिलं नाही. आता काम नव्हतं. त्यामुळे दिवसभर, समोर, टपोऱ्या टिंबासकट, ते तो एकच शब्द वाचत बसायचे. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अहो, हे तुमच्यासाठी नाही! पण पाटीला दिलेल्या शब्दापलीकडे बोलता येत नाही.

त्या दिवसांत एकच गिऱ्हाईक नेमानं यायचं. सिस्टर. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, पांढऱ्या केसांच्या. वस्तू कडेवर घेतल्यासारखी आणायच्या.

"मिस्त्री, पेशंट आणलाय."

"काय होतंय?"

"घसा बसलाय." तो रेडिओ.

पुढच्या खेपेला टेबलफॅन. "मान वळत नाही याची. रात्री आखडली बहुतेक."

मग इस्त्री. "हिला ताप येत नाही. लोकांचे ताप उतरवण्यात जन्म गेला माझा, आता तुम्ही हिला ताप आणा."

मिस्त्री हसायचे. त्या दिवसांत ते तेवढेच हसायचे. सिस्टर स्टुलावर बसून बघायच्या, आणि काम झालं की पैसे मोजून त्यांच्या हातावर ठेवायच्या.

अशात वहिनींचा भाऊ आला. दुसऱ्या गावात तो एका गोदामात मुकादम होता. "भाऊजी, रखवालदाराची जागा आहे. राहायला खोली आहे. महिनाअखेरीपर्यंत धरून ठेवतो, पुढं माझ्या हातात नाही."

मिस्त्री हत्यारं पुसत राहिले. वहिनी घरी उशांचे अभ्रे शिवून द्यायच्या, तेही काम आटलं होतं. त्या म्हणाल्या, "कशाचा एवढा विचार करताय? दुकान म्हणजे काय तुमची म्हातारी आई आहे, सोडून जाता येत नाही?"

"गिऱ्हाईक आहे अजून," मिस्त्री म्हणाले.

"कोण? सिस्टर? त्या एकट्यांच्या जिवावर दुकान चालवणार?"

"एक असलं तरी गिऱ्हाईक ते गिऱ्हाईकच."

वहिनींनी मान हलवली. महिनाअखेर जवळ आली होती.

आणि तेव्हाच सिस्टर पुन्हा ती इस्त्री घेऊन आल्या. "पुन्हा थंड पडली हो."

मिस्त्रींनी वायर हातात घेतली आणि तिचं टोक बराच वेळ बघत राहिले. "ही कशानं तुटली?"

"जुनी झाली असेल."

"जुनी वायर मुडपते तिथं झिजते, सिस्टर. आतल्या तारा पिंजून निघतात. ही एका घावात कापलीय." त्यांनी सिस्टरांकडे पाहिलं. "बँडेजच्या कात्रीनं ना?"

सिस्टरांनी मान डोलावली.

"आणि रेडिओचा घसा?"

"चमच्यानं स्क्रू सैल केला होता."

"आणि पंख्याची मान?"

"ती खरंच मोडली होती." मग जरा थांबून, "म्हणजे मीच मोडली, पण जरा जास्तच मोडली."

एरवी या उत्तरावर दोघं खो खो हसले असते. मिस्त्रींनी इस्त्रीला वायर गुंडाळली, ती सिस्टरांच्या हातात दिली आणि दार उघडून धरलं. सिस्टर पायरीवर गेल्या. मिस्त्रींनी दार लावलं, आतून कडी घातली आणि बोट उचललं. भर दुपारी त्यांनी मला उलटवलं. सिस्टरांच्या तोंडावर मी बंद म्हणाले. इतकी वर्षं मी तो शब्द संध्याकाळी म्हणत आले होते, तेव्हा तो कधी जड गेला नव्हता.

मिस्त्री खुर्चीत जाऊन बसले. त्यांनी वर पाहिलं. आता आतल्या बाजूला चालू होतं. त्यांनी ते वाचलं आणि तोंड फिरवलं.

सिस्टर गेल्या नाहीत. इस्त्री मांडीवर घेऊन पायरीवरच बसल्या. थोड्या वेळानं वहिनी डबा घेऊन आल्या. त्यांनी सिस्टरांना बघितलं, मला वाचलं आणि दारावर थाप मारली.

"उघडा. ही पाटी गिऱ्हाइकासाठी, बायकोला लागू नाही."

दार उघडलं. वहिनी सिस्टरांचा हात धरूनच आत आल्या. काय झालं ते मिस्त्रींनी दोन वाक्यांत सांगितलं. तिसरं इस्त्रीकडे बघत म्हणाले. "म्हणजे इतके दिवस मी दुकान चालवत नव्हतो. या माझ्यावर दया करत होत्या."

"दया?" सिस्टर ताडकन म्हणाल्या. "दया करायला मी काय सावकारीण लागून गेले? माझं निवृत्तिवेतन किती ते विचारा एकदा! अहो, महिनाभर माझ्या हातून पैसे जातात. विजेला, औषधाला, भाड्याला. कुठं जातात, कोण घेतं, काही दिसत नाही. इथं दिले की मला दिसतात. तुम्ही ते घेता, त्याची भाजी घरी जाते, भाजीवालीच्या हातात चार पैसे पडतात. माझ्या सगळ्या खर्चात एवढाच एक खर्च आहे, ज्याचं तोंड मला दिसतं. तो सोडू का?"

"पण काम खोटं होतं, सिस्टर."

"इस्त्री तापली की नाही?"

"तापली."

"मग खोटं काय त्यात?"

मिस्त्रींनी मान हलवली. "मोडलेलं दुरुस्त करणं हे काम. मुद्दाम मोडून आणलेलं दुरुस्त करणं हा खेळ झाला. मला भातुकली खेळवत होतात तुम्ही."

सिस्टरांनी हातातल्या इस्त्रीची वायर सोडली आणि पुन्हा गुंडाळली. 

वहिनी मात्र फळीकडे बघत होत्या. तिथं सगळ्या दुरुस्त वस्तू धूळ खात बसल्या होत्या. "हे तर खरं मोडलं होतं ना?" त्या म्हणाल्या. "हे कुणी चमच्यानं नाही मोडलं. हे काम पुरं झालं का?"

"झालं की. चालतंय सगळं."

"फळीवर चालतंय. ज्याचं आहे त्याच्या घरी कुठं चालतंय?"

मिस्त्रींनी फळीवरून नजर फिरवली. मग उठले, मिक्सर उचलला, फडक्यानं पुसला, काखोटीला मारला आणि बाहेर पडले. जाताना वळून म्हणाले, "तू बस जरा इथं. आणि ती पाटी फिरव."

काच फुंकणाऱ्याच्या घरी काय झालं ते मी पाहिलेलं नाही. मला ते मिस्त्रींच्या बुटांनी सांगितलं, आणि ते जोड्यानं बोलत असल्यामुळे एकमेकांना खोटं बोलू देत नाहीत. त्यानं दार उघडलं, मिक्सर बघितला आणि म्हणाला, "मिस्त्री, अजून पैशांची सोय..."

"पैसे मागायला नाही आलो. मिक्सर चालतो का बघायला आलोय. दुकानात चालतो. तुझ्या घरी चालला तर खरा."

तो चालला. त्याच्या आवाजानं आतून त्याची आई बाहेर आली, तिला वाटलं कुणी पाहुणे आले. मग दोघं पुरुष दारात बसले. कामाशिवाय हात कुठं ठेवायचे ते दोघांनाही कळत नव्हतं, एवढंच ते बोलले म्हणे.

इकडे वहिनी मला फिरवून खुर्चीत बसल्या. त्या खुर्चीत त्या यापूर्वी कधी बसल्या नव्हत्या. त्यांनी हत्यारं बघितली, भिंत बघितली आणि मग समोर मला बघितलं. वाचलं. इकडेतिकडे पाहून पुन्हा वाचलं. त्या खुर्चीतून दुसरं काही दिसतच नाही.

"सिस्टर," त्या हळूच म्हणाल्या, "हे रोज हे वाचत बसत होते?"

सिस्टर त्यांच्या मागं येऊन उभ्या राहिल्या, वाकल्या आणि त्यांनीही वाचलं. "दवाखान्यात आम्ही पेशंटचा कागद पायाशी का लावायचो माहितीये? त्याला दिसू नये म्हणून."

मिस्त्री परत आले आणि भाजीवालीचा पंखा घेऊन गेले. मग इस्त्री घेऊन शिंप्याकडे. फळी रिकामी होत गेली. वहिनी मात्र डोळ्यांना पदर लावून तशाच बसून होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच भावाला निरोप धाडला की आम्ही येत नाही. भाऊ असा रागावला की त्यानं पुढं बरेच दिवस बहिणीशी बोलणं टाकलं.

मग त्या रंगाऱ्याकडे गेल्या. त्यालाही कित्येक महिने काम नव्हतं. त्याच्या डब्यातला रंग वर साय धरून बसला होता.

"मागं बंद आहे ना, तिथंही चालू लिहा."

रंगाऱ्याला वाटलं, वहिनी थट्टा करताहेत. "दोन्हीकडून चालू? मग बंद कसं करणार दुकान?"

"कुलूप आहे की. ज्याला कळायचं त्याला कळेल."

"दर तोच आहे बरं का. काना, उकार वेगळा."

"लावा सगळं. लावायचं ते लावा."

वहिनींनी घासाघीस केली नाही, हे बघून रंगाऱ्यानं ब्रश खाली ठेवला आणि जरा वेळ दुसरीकडेच पाहिलं. मग तो दुकानात येऊन स्टुलावर चढला, त्यानं माझी पाठ पुसली आणि बंदवर पांढरा हात मारला. टिंब टपोरं होतं, त्यावर दोनदा मारला. त्याच्या हाताची सवय सुटली होती, त्यामुळे नवं चालू जरा डावीकडे सरकलं आणि त्यातला लू थोडा तिरका आला. या वेळी मिस्त्रींनी खर्च कशाला असं विचारलं नाही. ते खाली स्टूल घट्ट धरून उभे होते.

त्यानंतर सोन्याचे दिवस आले, दुकानापुढं रांग लागली, रांगेत एक राजाही होता, असं सांगायला माझी जीभ वळवळतेय. तसं झालं नाही. कारखाना उघडला नाही. काही घरांतून पैसे आले, काहींतून उशिरा आले, काहींतून आलेच नाहीत. काच फुंकणारा एक दिवस स्वतः येऊन दाराची तडकलेली काच बदलून गेला, आणि ती बसवताना त्याचा चेहरा असा होता की मिस्त्रींनी आत जाऊन उगाच काहीतरी शोधायला घेतलं. दोन वेळचं जेवण कधी पोटभर, कधी ओढूनताणून, पण चुलीवर चढत राहिलं. नवं काही दुरुस्त झालं की मिस्त्री ते स्वतः घरी नेऊन चालवून दाखवायचे. आणि रिकाम्या वेळात वर पाहिलं की समोर तिरका लू असलेलं चालू.

सिस्टरांनी पुन्हा काही मोडलं नाही. त्या नुसत्याच येऊ लागल्या. "आज पेशंट नाही," म्हणायच्या, "मीच आलेय." मिस्त्री स्टूल पुसून द्यायचे.

एकाच दिवशी मला माझा जुना शब्द हवा होता. मिस्त्री सकाळी आलेच नाहीत. गल्लीतली माणसं त्यांना स्मशानात पोचवून परत आली, दाराला कुलूप होतं आणि मी काचेमागं लटकून चालू म्हणत होते. येणारा जाणारा मला वाचत होता. सिस्टर आल्या. नव्या काचेच्या कडेला राहिलेल्या फटीतून त्यांनी दोन बोटं आत घातली आणि मला कसंबसं उलटवलं. तिकडेही चालू. पुन्हा उलटवलं. चालू. मग त्या पायरीवर बसल्या, आणि त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला काचेतून कळलं नाही. इतकी वर्षं मी नाही त्या गोष्टी रचून सांगितल्या. त्या दिवशी एक खरी गोष्ट सांगायची होती, आणि माझ्याकडे तो शब्दच नव्हता.

काही दिवसांनी वहिनींनी कुलूप काढलं. डबा आणला की स्टुलावर बसून त्या वर्षानुवर्षं नवऱ्याचे हात बघत आल्या होत्या. इस्त्री त्यांना जमते, मिक्सर जमतो. रेडिओ उघडला की अजून घाबरतात. खुर्चीत बसून वर बघतात आणि मला वाचतात.

मी आता म्हातारी झालेय. रंगाचे पोपडे निघाले आहेत. पाठीवरच्या चालूखालून ते जुनं टपोरं टिंब वर आलंय, बरोबर त्या तिरक्या लूच्या डोक्यावर. "हे काय लिहिलंय? चालूं?" असं गिऱ्हाईक विचारतं. रंगारी दर वेळी म्हणतो, "वहिनी, बुजवून देतो, फुकट." वहिनी म्हणतात, "राहू द्या. त्याचे पैसे तेव्हाही दिले नव्हते."

तर तुम्ही या रस्त्यानं जाल तेव्हा मला वाचून पुढं जाऊ नका. माझ्यावर विश्वास ठेवायची सवय नाहीच तुम्हाला, तेव्हा दार ढकलून बघा. घरात काही मोडलं असेल तर घेऊन या. मोडलेलं काही नसेल तर कृपा करून मोडू नका.

नुसतेच या. स्टूल पुसलेलं असतं.